दोनदा काढलेलं अपेंडिक्स

वकीलबाईंनी मागितलं होतं ते काही फार नव्हतं. धाकटा गेली चौदा वर्षं खोकल्याच्या औषधाच्या आहारी गेलाय असं सांगणारा एक खरा कागद, बस. चष्मेवाल्यांच्या या घरात कागदांना तोटा नव्हता. कपाटाचा एक आख्खा खण धाकट्याच्या आजारपणांनी भरला होता. त्या खणाप्रमाणे त्याला चार वेळा कावीळ झाली होती, तीन वेळा टायफॉइड, एकदा कांजिण्या, आणि पाठीचा मणका तर दर उन्हाळ्यात सरकत असे. खरा कागद मात्र एकही नव्हता.

म्हणून रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सगळे डोळे तपासायच्या खोलीत जमले. घरात बोललेलं वरच्या मजल्यावर ऐकू जातं, अशी आईंची खात्री होती. खोली लहान. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात भिंगांची पेटी, मधोमध पेशंटची उंच खुर्ची. त्या खुर्चीत डॉक्टरकाका बसले, कारण घरात कुठेही गेलं तरी सगळ्यात उंच खुर्ची काकांचीच असे. धाकट्याच्या थोरल्या भावाने, दादाने, आईंसाठी स्टूल पुसून दिलं. वकीलबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दादाची बायको, म्हणजे थोरली, दाराशी. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो धाकटा, जामिनावर सुटलेला, मागच्या कारखान्यात भिंगं घासत बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"पुन्हा एकदा सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "औषधांच्या दुकानात शिरून सात बाटल्या उचलल्या, आडव्या आलेल्या म्हाताऱ्या कंपाउंडरना ढकललं, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. हे त्याने कबूल केलंय, ते आता बदलत नाही. मंगळवारी फक्त शिक्षा किती, एवढंच ठरणार. नुसता चोर म्हणून उभा राहिला तर पाच वर्षं. व्यसन कसं लागलं, किती वर्षं होतं, कुणी काय केलं, हे नीट दाखवलं तर निम्म्यावर येऊ शकतं. शिवाय तुरुंगात उपचार मिळतील."

"म्हणजे भर कोर्टात माझ्या मुलाला व्यसनी म्हणायचं?" आईंनी विचारलं.

"हो."

"चोर म्हणतायत तेवढं पुरे नाही का?"

"आई, चोर वाईटच ना," दादा म्हणाला.

"चोरी त्याने एकदाच केली. व्यसनी म्हटलं की रोजचं झालं."

वकीलबाईंनी बावीस वर्षांच्या वकिलीत खुनी माणसांच्या आया पाहिल्या होत्या, पण असा हिशोब ऐकला नव्हता.

डॉक्टरकाकांनी घसा साफ केला. पुढच्या महिन्यात गावातले डॉक्टर मिळून त्यांच्या चाळीस वर्षांच्या सेवेचा सत्कार करणार होते, आणि तेव्हापासून ते घरातसुद्धा भाषण केल्यासारखे बोलत. "यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काही नाही. मी सर्टिफिकेट देतो. दीर्घकालीन व्यसनाधीनता, मानसिक ताण, आनुवंशिक प्रवृत्ती."

"आनुवंशिक कुणाकडून?" आईंची मान झटकन वळली.

"वहिनी, तुमचे मामा..."

"माझे मामा तपकीर ओढायचे! तपकिरीने कुणी दुकानं फोडत नाही. तुमच्या वडिलांचं काढू का?"

"काका," वकीलबाई मध्ये पडल्या, "तुमचं सर्टिफिकेट चालणार नाही. जामिनाच्या वेळी तुम्ही मोठ्या हौसेने आख्खी फाइल जोडलीत. सरकारी वकिलांनी ती वाचली. तुमच्या सहीने या मुलाचं अपेंडिक्स दोनदा काढलंय."

काकांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायचा प्रयत्न केल्यासारखं केलं.

"एकदा कॉलेजला दिलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा त्या टेलिफोनच्या नोकरीला. सात वर्षांनी कोण लक्षात ठेवतो?"

"मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," थोरली दारातून म्हणाली, "की अपेंडिक्स झालंय म्हणून."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि आपण उगाच बोललो असं तिला वाटलं.

मग या घरात नेहमी होतं तेच झालं. झाकायचं नाही, उघडं करायचं आहे, हे एकदा डोक्यात शिरल्यावर सगळे त्यातही एकमेकांच्या पुढे धावू लागले. काल जो दोष कुणाच्या गावीही नव्हता तो आज जो तो आपल्या सोयीने दुसऱ्याच्या अंगणात टाकू लागला. दादा म्हणाला, कॉलेजातली संगत. आई म्हणाल्या, संगत कसली, ती मुलगी. ती सोडून गेली आणि पोर खचलं. काका म्हणाले, वडील लवकर गेले, पितृछत्र हरपलं. आई म्हणाल्या, वडील गेले तेव्हा पोरगा सव्वीसचा होता, छत्री घेऊन हिंडण्याएवढा.

"मी त्याच्यासाठी काय काय सोसलंय ते लिहा," दादा म्हणाला. "तीनदा पोलिसांकडून मी सोडवून आणलाय."

"आणि मी रात्री जागले नाही?" आई.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "न्यायाधीशांना गोष्टी नको आहेत. दर मंगळवारी तीन आया तीन गोष्टी सांगतात त्यांना. तारखा हव्यात. कधी सुरू झालं, कधी वाढलं, कुणाला माहीत होतं. तेव्हाचं, त्याच वेळी लिहिलेलं काही आहे का? पत्र, डायरी, काहीही?"

"असं कोण लिहून ठेवतं?" दादा म्हणाला.

थोरलीने दाराची कडी घट्ट धरली.

ती या घरात आली त्याला चौदा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी तिने पाहिलं की धाकटे भाऊजी दोन दिवस उठले नाहीत, तेव्हा आईंनी वरच्या बाईंना सांगितलं कावीळ, दादाने दूधवाल्याला सांगितलं ताप, आणि काकांनी रस्त्यात कुणाला तरी सांगितलं पाय मुरगळला. संध्याकाळपर्यंत तीन माणसं तीन निरनिराळे उपाय घेऊन दारात उभी. आईंना घाम फुटला. तेव्हा थोरलीने, नवी सून, हुशार, शाळेत कायम पहिली, एक वही केली, आणि आधीच्या दोन महिन्यांतलंही आठवून तीत उतरवलं. तारीख. काय झालं. काय सांगितलं. कुणाला सांगितलं. त्या दिवसापासून या घराचं खोटं कधी एकमेकांवर आदळलं नाही. कुणी भेटायला आलं की आई हळूच विचारत, "यांना काय सांगितलंय गं?" आणि थोरली काउंटरखाली हात घालून पान बघून येई. खरं कौतुक म्हणजे काय ते तिला या घरात या एका कामासाठीच मिळालं.

पण खोटं नीट सांभाळायचं तर बाजूला खरं लिहावंच लागतं. दुसरा रकाना, "काय झालं", तिने कधी सोडला नव्हता.

आणि त्या रकान्यात सगळे होते. काका होते. आई होत्या. ती स्वतःही होती. वही बाहेर काढली तर धाकटे भाऊजी वाचतील कदाचित, पण घर वाचणार नाही, हे तिला रविवारच्या किती तरी आधीपासून कळत होतं. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

मागून भिंग घासायच्या यंत्राचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला.

"आहे," ती म्हणाली.

दुकानात जाऊन काउंटरखालच्या, फ्रेमच्या नमुन्यांच्या ट्रेखालून तिने ती काढून आणली. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही, कोपरे मऊ पडलेले. वकीलबाईंनी उघडली, चार पानं वाचली, आणि खाली मान घालून बसकण मारायला जागा शोधू लागल्या. शेवटी भिंगांच्या पेटीवरच बसल्या.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"विसरायला नको म्हणून."

"मोठ्याने वाचू?"

वकीलबाई पहिल्या पानापासून वाचू लागल्या.

"'काय झालं: खोकला, खराच. काकांनी लाल औषध दिलं, रोज दोन चमचे. आराम पडला. काय सांगितलं: खोकला. कुणाला: सगळ्यांना.'" त्यांनी मान वर केली. "हे एकच पान दिसतंय जिथे दोन्ही रकाने सारखे आहेत."

पुढचं पान. "'खोकला थांबून तीन आठवडे झाले. औषध चालूच. आईंनी काकांकडे आणखी मागितलं, कारण ते घेतलं की भाऊजी शांत राहतात, परीक्षा आहे. काकांनी सहा बाटल्या दिल्या. म्हणाले, घरचंच आहे, चिठ्ठी कशाला.'"

काका खुर्चीतून खाली उतरले. उंच खुर्चीतून उतरायला त्यांना थोडा वेळ लागला, त्यामुळे ते ऐटीत जमलं नाही.

"सूनबाई, हे असं लिहितात का? त्या काळी हे औषध सगळेच डॉक्टर देत होते."

"मी कुठे म्हटलं देत नव्हते?"

"वही उत्तम आहे," काका वकीलबाईंकडे वळले. "फारच उपयोगी. फक्त पहिली तीन पानं काढून टाका. सुरुवात कशी झाली याने काय फरक पडतो? व्यसन होतं, एवढं पुरे."

"काकांचा सत्कार आहे पुढच्या महिन्यात," दादा हळूच म्हणाला. "तीन पानांनी खरंच काही अडणार आहे का?" दादाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या गिऱ्हाइकाला काकांच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळालेली असे, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"घरातल्या डॉक्टरने एकोणीस वर्षांच्या मुलाला चिठ्ठीशिवाय लावलेलं औषध," वकीलबाई म्हणाल्या, "हाच तर आपला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. आणि एक पान जरी फाटलेलं दिसलं तरी मी ही वही हातात धरणार नाही. तुम्ही अपेंडिक्सवर लढा मग."

"वहिनी, तुम्ही सांगा," काका आईंना म्हणाले. "त्यात तुमचंही नाव आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. त्यांना ती दुपार लख्ख आठवत होती. भावोजींनी पिशवीतून सहा बाटल्या काढल्या, आणि त्यांनी हात जोडून म्हटलं होतं, तुमचे उपकार कसे फेडू. मुलगा त्या परीक्षेत पहिल्या वर्गात आला होता. त्यांनी लोकांना चहा पाजला होता. चौदा वर्षं त्या मुलीला शिव्या घालत आल्या, संगतीला घालत आल्या, आणि चमचा मात्र त्यांच्याच हातात होता.

"मूठ कसली भावोजी," त्या म्हणाल्या. "बोटांतून कधीच सगळं गळून गेलंय. पान फाडायचं नाही."

"वहिनी, विचार करा..."

"तुम्ही केला होता? मी अडाणी होते, मागितलं. तुम्ही डॉक्टर होता."

चाळीस वर्षांत या घरात काकांना कुणी असं बोललं नव्हतं. दादाने स्टुलाशेजारी जाऊन आईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो कोणाच्या बाजूने झाला हे त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं, पण हात तिथेच राहिला.

यंत्र थांबलं होतं. दारात धाकटा उभा होता, हातांना पांढरी भुकटी लागलेली.

"मला बघू दे वहिनी," तो म्हणाला. "मला त्यातलं बरंच आठवत नाही."

तो उभ्यानेच वाचू लागला. स्वतःचं आयुष्य असं दुसऱ्याच्या सुवाच्य अक्षरात वाचायला मिळणं फार थोड्यांच्या नशिबी येतं. कुठे कुठे त्याला हसूही आलं. 'काय झालं: जिन्यात झोपले. काय सांगितलं: योगासनं.' एका पानावर तो थांबला. 'आज मीच आणल्या, दोन बाटल्या. बाहेर जाऊन लोकांना दिसण्यापेक्षा घरात बरे. काय सांगितलं: काही नाही. कुणाला: कुणाला नाही.' त्याने थोरलीकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. ती रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

मग तो आणखी एका पानावर थांबला, आणि बराच वेळ पान उलटेना.

"काय आहे?" आईंनी विचारलं.

त्याने वाचलं. "'औषधाच्या दुकानातले कंपाउंडर घरी आले होते. म्हणाले, मी याला बाटल्या देणं बंद केलंय, दुसऱ्या दुकानांनाही सांगितलंय. याला इस्पितळात दाखवा, मी ओळखीच्या डॉक्टरांचा पत्ता आणलाय, सोबत येतो. काय सांगितलं: भाऊजी परगावी नोकरीला गेलेत. कुणाला: कंपाउंडर.'" तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. "मी कुठे होतो तेव्हा?"

"आतल्या खोलीत," थोरली म्हणाली. "झोपला होतात."

धाकटा वही हातात धरून खाली जमिनीवरच बसला. त्या म्हाताऱ्याने ढकललं जाताना काय म्हटलं होतं ते त्याला तेवढं आठवत होतं. "अरे बाळा, थांब," एवढंच. त्याला वाटलं होतं, माल वाचवायला म्हणतोय.

"हे कोर्टात वाचाच," तो म्हणाला. "याने माझी शिक्षा वाढली तरी चालेल."

---

मंगळवारी न्यायाधीशांनी वही शेवटपर्यंत चाळली. त्यांचा चष्मा सारखा नाकावर घसरत होता आणि दादाचे हात स्क्रू आवळायला शिवशिवत होते. दोनदा न्यायाधीशांनी ओठांवर रुमाल धरला. बहुधा योगासनांचं पान असावं.

सरकारी वकील म्हणाले, हे सगळं कुटुंबच खोटारडं आहे, या वहीवर विश्वास कसा ठेवायचा?

"आपण खोटं कधी, कुणाला, काय बोललो याची जे इतकी शिस्तीत नोंद ठेवतात," न्यायाधीश म्हणाले, "त्यांच्या दुसऱ्या रकान्यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे." मग थोरलीकडे वळले. "बाई, चौदा वर्षांत एकशे साठ आजार आहेत इथे. व्यसनावर उपचार एकदाही दिसत नाही. का?"

थोरलीने उत्तर पाठ केलं होतं. वकीलबाईंनी दोनदा घोकून घेतलं होतं. ते तिला आठवेना.

"साहेब, आम्ही उपचार केले," ती म्हणाली. "विचारायला येणाऱ्यांवर केले."

काका मागच्या बाकावर बसले होते. ते उठून गेले. पुढे त्यांचा सत्कार 'तब्येतीच्या कारणास्तव' पुढे ढकलला गेला, आणि ते कारण त्यांनी स्वतःच लिहून दिलं.

व्यसनाचा इतिहास शिक्षा कमी करण्याजोगा आहे, असं न्यायाधीशांनी मान्य केलं. तो म्हाताऱ्याचं हाड जोडू शकत नाही, हेही म्हणाले. पाच वर्षांऐवजी अडीच, आणि सुरुवातीला तुरुंगाच्या इस्पितळात उपचार. नेताना धाकट्याने मागे वळून फक्त एवढंच विचारलं, "कंपाउंडरना कुणी भेटायला जाईल का?" आई म्हणाल्या, "मी जाते." वही कोर्टाच्या कागदपत्रांत जमा झाली.

---

नऊ दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या बाई दुकानात आल्या. चष्म्याची दांडी सैल झाली होती. दादा ती आवळू लागला. आई काउंटरच्या आत स्टुलावर बसल्या होत्या.

"धाकटे बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत," बाई म्हणाल्या. "कुठे असतात हल्ली?"

दादाच्या हातातला स्क्रू खाली पडला. आईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीचा हात सवयीने काउंटरखाली गेला, नमुन्यांच्या ट्रेखाली चाचपडला आणि रिकामा परत आला. या बाईंना शेवटचं काय सांगितलं होतं? मणका? परगावची नोकरी? कुणालाच आठवेना. चौदा वर्षांत पहिल्यांदाच या घराकडे सांगायला काही नव्हतं.

"तुरुंगात आहे," आई म्हणाल्या. आवाज थोडा चिरकला, म्हणून त्यांनी पुन्हा नीट म्हटलं. "तुरुंगात आहे तो. खोकल्याच्या औषधाचं व्यसन होतं. चौदा वर्षं."

"ते माहीत आहे हो मला," बाई म्हणाल्या. "मी वरच राहते ना. पहिली कावीळ झाली तेव्हापासून माहीत आहे. तुरुंगात कुठल्या विभागात ठेवलंय ते विचारत होते. माझा भाचा तिथे इस्पितळात कामाला आहे."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे लहानपणापासून सगळेच ऐकतात. पण सगळ्या गल्लीत उजाडून चौदा वर्षं झालीत आणि आपणच तेवढे पांघरूण घेऊन बसलोय, हे कळायला वेळ लागतो.

"मग इतकी वर्षं," थोरलीला विचारल्याशिवाय राहवेना, "तब्येत कशी आहे म्हणून का विचारत होतात?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून पाहिला. दांडी घट्ट बसली होती. "वाटायचं, एखाद्या दिवशी तुम्ही खरं सांगाल. मग काहीतरी करता येईल. तुम्ही इतकं मन लावून सांगायचात, मध्ये कसं बोलणार?"

त्या गेल्या. आईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "उद्या त्याच्या भेटीचा दिवस. येताना कंपाउंडरकडे जायचंय. दुकान बंद राहील, पाटी लिही."

थोरलीने पुठ्ठा घेतला. या दुकानाच्या दारावर चौदा वर्षं एकच पाटी लागत आली होती, 'कौटुंबिक कारणास्तव बंद'. तिने पेनाचं टोपण काढलं आणि आईंकडे पाहिलं.

"काय सांगायचं?" तिने विचारलं.

"काय झालं तेच," आई म्हणाल्या.

थोरलीने आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भाऊजींना भेटायला तुरुंगात गेलो आहोत. चार वाजेपर्यंत येऊ.' दादाने पाटी दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी निघताना तो स्टुलावर चढला आणि रस्त्यावरून दिसेल अशी, काचेच्या बाहेरच्या बाजूने लावली.